मागच्या दाराचा दिवा

टक्. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एवढासा आवाज. त्याला कितीतरी वर्षं झाली, पण शालिग्राम मिस्त्रीच्या कानातून तो काही गेला नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. शालिग्रामचं बुलढाण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वैशाखातल्या एका दुपारी त्याचा जुना मित्र अर्जुनराव दुकानात येऊन बसला. अर्जुनराव भाजीचा व्यापारी. रोहिणखेडच्या अलीकडे, गावाबाहेर, त्यानं नवं घर बांधलं होतं आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तिथं राहायला गेला होता. पाणी पिऊन बराच वेळ बसल्यावर त्यानं सांगितलं, की दिवेलागणीला घरात चोर शिरतो. पावलं वाजतात, माणूस दिसत नाही. बायको कलाबाई माहेरी, हिवरा आश्रम या गावी, जायला निघाली होती. तिची ट्रंक भरून तयार होती. तो रोज माल घेऊन रात्रीचा बाहेर. ती गेल्यावर म्हाताऱ्या आईला तिथं एकटं कसं ठेवणार? मग घर विकायचं, एवढंच उरत होतं. तीन दिवसांची मुदत त्यानं बायकोकडून कशीबशी मागून घेतली होती.

शालिग्रामला वाईट वाटलं, पण आतून आनंदही झाला. मुंबईहून आणलेले, उजेड ओळखणारे दोन विजेचे डोळे त्याच्याकडे कधीचे पडून होते. दुसऱ्याच सकाळी पिशवी घेऊन तो एसटीत बसला.

काम सोपं होतं. दारासमोर एका बाजूला पत्र्याच्या डबीत बारीक दिवा, त्याच्या तोंडाशी तांबडी काच. दुसऱ्या बाजूला डोळा. दिव्याचा झोत डोळ्यावर पडून आहे तोवर सगळं शांत. झोत कुणी तोडला, की आतली पट्टी टक् करून पडायची आणि दारावरचा मोठा दिवा लागायचा. आडवं आलेलं सरलं, की विझायचा. एक झोत पुढच्या दाराशी लावला, एक मागच्या. कुत्री-शेळ्या खालून जाव्यात म्हणून तो कमरेच्या उंचीवर धरला.

अर्जुनरावाची आई गोजरबाई तर दिवा लावत दहा वेळा दारातून आतबाहेर झाली.

"माय, तूच चोर निघशीन," अर्जुनराव म्हणाला.

"तुह्या घरात चोरन्यासारखं हाय काय बे?" म्हातारी म्हणाली आणि अकराव्यांदा आत गेली.

त्या संध्याकाळी सगळे अंगणात बाजेवर बसले होते. उजेड जायला लागला. पाखरं बसली. पुढच्या दाराशी टक् झालं.

दिवा लागला. दारात कुणी नव्हतं. दिवा विझला. घरातून ओल्या गवताचा वास आला. नुकताच कापलेला भारा डोक्यावरून उतरवावा तसा. त्या दिवसांत दहा कोसांत हिरवी काडी नव्हती.

शालिग्रामनं तारा तपासल्या, काच पुसली, वटवाघळाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा टक्, पुन्हा तोच वास. कलाबाई बाजेच्या कडेला बसली होती. ती हळूच म्हणाली, "येते, भाऊ... रोज येते. पण जात नाही."

ते ऐकून शालिग्राम रात्रभर विचार करत पडला. पुढचा दिवा लागतो, मागचा लागत नाही. म्हणजे आत आलेलं आतच राहतं. सकाळी त्यानं गोजरबाईला विचारलं, घर बांधण्याआधी इथं काय होतं? म्हातारीनं सांगितलं, की इथून जुनी पायवाट होती. तिच्या लहानपणी बाया नदीकडून गवताचे भारे घेऊन याच वाटेनं जायच्या. आता वाटेवर भिंती होत्या, आणि मागचं दार दिवेलागणीला सासू-सून दोघी आठवणीनं लावून घेत. पुढच्या दारानं आलेली लक्ष्मी मागच्या दारानं जाऊ नये, म्हणून.

शालिग्राम चाचरत म्हणाला, "आज ते दार उघडं ठेवून पाहू."

गोजरबाई तयार होईना. उभ्या जन्मात तिनं असं केलं नव्हतं. संध्याकाळ झाली तशी कलाबाई उठली, आत गेली आणि मागच्या दाराची कडी तिनं स्वतः काढली.

पुढे टक् झालं. वास आला. मग घराच्या पलीकडून, मागून, आवाज आला... टक्.

"गेली," कलाबाई म्हणाली.

पण आवाज थांबला नाही. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. एकामागं एक, भारा सावरत, रांगेनं चालावं तसं. भिंतीमागं उजेड लागत होता, विझत होता. कलाबाई पहिलीला धरून बोटांच्या पेरांवर मोजू लागली, आधी कापऱ्या आवाजात, मग मोठ्यानं. आखाजीपासून ही एकोणिसावी संध्याकाळ होती. रोजची एक, अडकून पडलेली... आता दार उघडं मिळाल्यावर साऱ्या निघाल्या होत्या.

"दहा... अकरा... बारा..."

"अवं, हे तं वऱ्हाड निघालं," अर्जुनराव म्हणाला. कलाबाईला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. हसता हसता तिनं पुढचं पेर धरलं, "चौदा... पंधरा..."

शालिग्रामच्या लक्षात आलं. हसण्यात तिचं तेरा म्हणायचं राहिलं होतं, तेराव्या आवाजाला ती चौदा म्हणाली होती. त्याला वाटलं, आता आवाज तिच्या मोजण्याच्या पुढे एक जाईल आणि हिशेब जुळेल. कलाबाईनं एकोणीस म्हटलं आणि मागचं दार शांत झालं. तो ऐकत राहिला. अंधार पुरता पडला तरी ऐकत राहिला.

त्या रात्री घरात पिठलं-भाकरी झाली, ठेचा झाला. गोजरबाईनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कलाबाईनं ट्रंक उघडून लुगडी दांडीवर टाकली आणि अर्जुनराव ते नुसतं बघत बसला. पुढं रोज संध्याकाळी दोन्ही दारं उघडी ठेवायची, असं ठरलं. शालिग्राम बाहेर बाजेवर निजला. पहाटे त्याला जाग आली तेव्हा मागचं दार उघडंच होतं, आणि माजघरातून ओल्या गवताचा वास येत होता. अगदी थोडा.

सकाळी कलाबाईनं त्याला वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. तिचा चेहरा रात्रीच्या झोपेनं भरून आला होता.

"एकोणीसच होत्या ना, भाऊ? सगळ्या गेल्या ना?"

शालिग्रामनं तिच्याकडे पाहिलं. दांडीवरच्या लुगड्यांकडे पाहिलं. भाकरी पिशवीत ठेवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि तो एसटीच्या रस्त्याला लागला.