लाईट आली, हात लावू नका

आमच्या केंद्राच्या फाटकात आडवी जीप लावून एक पोट्टा बोनेटवर बसला होता, आणि मोज्यातली कुसळं एकेक करून उपटत होता. मला आधीच उशीर झालेला. मी स्कूटीचा हॉर्न दाबूनच धरला.

"ओ भाऊ! हे काय तुमचं घरचं अंगण हाय काय? काढा जीप. आमचे सर्व्हरवाले साहेब येऊन राह्यले नागपूरहून."

तो एक शब्द बोलला नाही. नुसता हसला, मोजा हातात घेऊनच जीप बाजूला केली, आणि मी आत शिरणार तेवढ्यात म्हणाला, "संघप्रिया मॅडम... साहेब कधीचे येऊन बसले. आता तरी चहा पाजता काय?"

बाप्पा! हा आवाज! दोन महिने अपग्रेडवरून ज्याच्याशी फोनवर रोज भांडत होते, तो प्रफुल. नोकरी नागपूरला, मूळचा वरोऱ्याचा. मी आवाज ओळखीन म्हणून मुद्दाम गप्प बसला होता. मनात मी त्याला टकला, पन्नाशीचा ठरवून टाकला होता. हा तर... जाऊ द्या. माझे कान तापले.

"वरोऱ्यात असंच शिकवतात वाटते, फसवायले?"

"फसवलं नाई हो. भिऊन गप्प होतो. फोनवर घाम फोडता तुम्ही, समोर काय कराल म्हटलं."

हसायला वेळ नव्हता. आमचं केंद्र सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांचं, धानोऱ्याच्या पुढं जंगलात, आणि तिथले संगणक मी सांभाळते. तिथं एका लोखंडी पेटीच्या, म्हणजे सर्व्हरच्या, पोटात नुसत्या सॉफ्टवेअरच्या तीन मशिनी चालतात... नोंदणीची, लॅबची आणि औषधांची. पेटी एकच, पण प्रत्येकीला वाटतं आपलं घर वेगळं. त्या तिघींना सांभाळणारं जुनं सॉफ्टवेअर बदलायला प्रफुल आला होता. आणि नेमकी त्याच सकाळी लॅबची मशीन थिजली. काही केल्या हलेना.

वॉर्डात मंगली होती. बारा वर्षांची पोर. संध्याकाळपर्यंत तिला रक्त द्यायलाच हवं होतं. मागे एकदा बाहेर कुठंतरी न जुळणारं रक्त मिळालं आणि ती मरता मरता वाचली. तेव्हापासून तिच्या रक्तात तसल्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी आहेत, पण आता वरवरच्या तपासणीत त्या दिसत नाहीत. तिला कोणतं रक्त चालत नाही, हे फक्त त्या थिजलेल्या मशीनला ठाऊक. कागद बंद करा, सारं मशीनवर ठेवा म्हणून डॉक्टरांच्या मागं मीच लागले होते.

प्रफुलनं स्क्रीनवर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हा स्नॅपशॉट कोणी घेतला?"

"आधीच्या कंत्राटदारानं. तोच तं आपला बॅकअप ना?"

"नाई ना मॅडम! स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाई. काम करतेवेळी धरलेली खूण हाय ते. काम झालं की दोन दिवसांत काढून टाकाची. इथी दोन वर्षं ठेवली. तवापासूनचं सारं वेगळ्या फाइलीत साचत गेलं, डिस्क भरली, मशीन अडली."

"मग आता?"

"डिलीट करा."

"डोकं फिरलं काय तुमचं? मंगलीचं सारं त्याच्यात हाय!"

"म्हणूनच." त्यानं आवाज खाली आणला... फोनवर मी चिडले की आणायचा तसा. "डिलीट दाबलं की नवं जुन्यात मिसळते. शेजारचं रिव्हर्ट दाबलं तं मशीन जुन्या खुणेवर जाते, दोन वर्षं गेली. खरं म्हणजे आधी सारी कॉपी काढाले पाह्यजे. पण त्याले उद्याचा मंगळवार उजाडते."

मंगळवार! मंगलीकडं तेवढा वेळ नव्हता.

त्यानं माउसकडं हात नेला. "मी दाबू?"

"नाई. मशीन माही हाय. तुम्ही फक्त... इथीच उभे राहा."

"कुठी जाणार मी?"

मी दाबलं. निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. मिसळणं चालू असताना लाईट गेली तर ना जुनं राहील ना नवं, असं त्यानं बजावलं. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगून कामातून गेलेल्या. लाईनचं काम होतं म्हणून सकाळपासून जनरेटर चालू होता, आणि सारा भरवसा त्याच्यावर.

"तुम्ही श्वास घ्या ना," प्रफुल हळूच म्हणाला. "पट्टी श्वास रोखल्यानं पळत नाई."

"तुम्ही पट्टीकडं पाहा."

"पाहून राह्यलो ना..." पण तो पट्टीकडं पाहत नव्हता. मला कळत होतं. अंगावर काटा आला, तो भीतीचा की कशाचा, देव जाणे.

पट्टी अगदी शेवटाला येऊन थांबली. थांबली ती थांबलीच. आणि बाहेर वॉर्डातून एकच गलका झाला, "लाईट आली!"

आमच्याकडं लाईट आली की पहिलं काम ठरलेलं. देवाजीभाऊ, आमचे जनरेटरवाले, धावत जातात आणि डिझेल वाचावं म्हणून दांडा फिरवून सारं लाईनवर घेतात. मधे दोन सेकंद अंधार. एरवी त्याचं कोणाला काय!

मी पळत सुटले. एक चप्पल पायरीवरच राहिली. "देवाजीभाऊ! हात लावू नका! दांड्याले हात लावू नका!"

त्यांचा हात दांड्यावरच होता. "काऊन वो बाई? लाईट आली ना."

"आली तं आली. जनरेटरच चालू ठेवा!"

"अवो, पण डिझेल सरलं. आता दहा मिनिटं बी नाई चालत."

डिझेलचा पंप धानोऱ्याला, दहा मिनिटांत होणं नाही. मागून प्रफुल आला. त्यानं टाकीत डोकावलं, बागेची नळी उचलली आणि सरळ जीपकडं गेला. एक टोक जीपच्या टाकीत, दुसरं तोंडात. पहिल्याच ओढीला डिझेल घशाशी आलं. थुंकला, खोकला, डोळ्यांत पाणी... आणि पुन्हा ओढलं. कॅनमध्ये धार पडू लागली.

त्याचा फोन वाजत होता. संध्याकाळी त्याला ब्रह्मपुरीला दुसरं काम होतं.

"जीप रिकामी केली तं तुम्ही जाल कसे?" मी विचारलं.

"मंगलीचं पान उघडू द्या आधी."

तिथंच मी संपले. खरं सांगते, आवाज तर दोन महिन्यांपासून आवडत होता. फोन आला नाही त्या दिवशी मी उगाचच चिडचिड करायचे. पण ते स्वतःशी कबूल केलं ते त्या डिझेलच्या वासात.

भरलेला जनरेटर धडधडत राहिला. आम्ही दोघं आत पळालो. पट्टी... अजून तिथंच. मी त्याची बाही कधी धरली, कळलंच नाही. त्यानंही सोडवली नाही. मग एकाएकी पट्टी नाहीशी झाली. प्रफुलनं मशीन चालू केली. मी मंगलीचं नाव टाकलं.

पान उघडलं. सारं जागच्या जागी.

मी गडचिरोलीच्या रक्तपेढीला फोनवर एकेक शब्द वाचून दाखवला. शेवटच्या ओळी प्रफुलनं वाचल्या. पानाचा छापील कागद काढला, तिन्ही मशिनी रीतसर बंद केल्या, आणि मगच देवाजीभाऊंना सांगितलं, फिरवा आता दांडा. अंधार झाला, गेला. गडचिरोलीहून जुळणारी पिशवी आली, आणि सूर्य डोंगराआड जायच्या आत मंगलीला रक्त चढू लागलं होतं.

प्रफुल बॅग भरू लागला. "अपग्रेड पुढच्या महिन्यात करू. आधी बॅटऱ्या बदला. बॅकअप घेतला की उघडून पाहत जा, नाई उघडला तं तो बॅकअप नोय. बाकी... फोनवर सांगताच येईल मले."

पुन्हा फोन! तेवढ्यात देवाजीभाऊ कॅन घेऊन दारात आले. "साहेब, उरलेलं डिझेल जीपमंदी परत टाकू काय? ब्रह्मपुरीपुरतं होऊन जाते."

प्रफुलनं माझ्याकडं पाहिलं. फोनवर तासन्‌तास बोलणारा हा माणूस, आणि आता मोक्याच्या वेळेला बॅगेची चेन लावत बसला!

"राहू द्या, देवाजीभाऊ," मी म्हटलं.

"काऊन?"

"कारण मले ह्यांले जाऊ द्याचं नाई."

देवाजीभाऊंनी कॅन खाली ठेवली, एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि गपचूप निघून गेले. प्रफुल एक पाऊल जवळ आला. आवाज तोच, खाली आणलेला.

"आजच्यापुरतंच... की कायमचं?"

"आधी चूळ भरून या," मी म्हटलं, आणि मला हसूही आलं, रडूही आलं. "कायमचं म्हणायले मी जवळ येणार कशी? डिझेलचा वास येऊन राह्यला तुमचा!"