उंब्रजचं मुकं रीळ

ही गोष्ट खरी आहे.

या पेजवर प्रत्येकजण असंच म्हणतो. मी स्वतः आजवर वाचून हसलोय, त्यामुळे तुम्ही हसलात तरी राग नाही. नावं बदललेली नाहीत. ज्यांची आहेत त्यांना विचारून लिहितोय... एकीला सोडून. तिला विचारायची माझी हिंमत नाही.

आणि ही काही अमावास्येच्या रात्रीची गोष्ट नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीतली आहे, तीही भर दुपारची. ठिकाण माधवनगर, सांगलीला लागून. बंद पडलेल्या मिलच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं दुकान.

मी कपिल. लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. लोकांचे संसार मोडतात, पण कॅसेट जपून ठेवलेली असते. घरात मी आणि आई, दोघंच. आई म्हणजे मुक्ताबाई. वय सत्तरीला टेकलेलं. जन्म गेला मिलमध्ये सूत गुंडाळण्यात. माझं मायाशी ठरलेलं होतं, मे महिन्यातली तारीखही धरली होती, तरी आईचा धोशा चालूच.

"माझं डोळं मिटायच्या आत लगीन उरक बाबा."

तर, एक दिवस साताऱ्याहून सृष्टीताई आल्या. शाळेत शिकवतात. वय चाळिशीचं. सोबत एक काळी लष्करी ट्रंक.

ट्रंकेत त्यांच्या वडिलांच्या फिल्म होत्या. वडील जयराज, उंब्रजचे. घरचा ऊस, मोठा भाऊ फौजेत. भावाने कुठूनसा एक छोटा कॅमेरा आणून दिला आणि हा माणूस कामातून गेला. शेती भावकीवर टाकली आणि फिल्म काढत फिरला. अख्खं रीळभर उसाचं एकच पान. नाहीतर पाटाचं पाणी. नाहीतर कोऱ्या फिल्मवर सुईने मारलेले ओरखडे. पुण्यात कुठेतरी एकदोनदा दाखवल्या म्हणे. गावाने त्यांचं नाव ठेवलं, येडा जयराज.

ते वारले, त्याला सहा महिने झाले होते.

"बाबांचं काम टिकलं पाहिजे," ताई म्हणाल्या. ट्रंक उघडली तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. हा वास आला की समजायचं, फिल्म कुजायला लागली. फार दिवस हातात नसतात.

मग त्यांनी तळातून एक डबा काढला. फडक्यात गच्च बांधलेला.

"ही घरची रिळं. आल्यागेल्याला बाबा उसाची पानं दाखवायचे, पण ही कधीच लावली नाहीत. मागितली तर अंगावर यायचे. यात माझी आई आहे."

आई, म्हणजे संयोगिता. ताई तीन वर्षांच्या असताना तापाने गेली.

"फोटो आहेत हो. पण ती बोलायची कशी, काय बोलायची, मला काहीच माहीत नाही."

मी म्हटलं, ताई, ही रिळं मुकी असतात. यात आवाज नसतो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ओठ तरी हलतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीचे पडदे ओढले, भिंतीवर पांढरी चादर लावली आणि डब्यातलं पहिलं रीळ प्रोजेक्टरवर चढवलं. वाटलं, घर दिसेल, अंगण दिसेल. दिसली ती तोंडं. नुसती बायकांची तोंडं, भिंतीएवढी मोठी. बोलतायत, हसतायत. मागे मिलचे माग हलतायत.

मी चक्रावलो. मागून आईचा खळखळून हसायचा आवाज आला.

"अगं बया! ही आमच्या मिलमधली मनुबाई न्हवं? मुकादमाला शिव्या घालतीया बघ!"

मिलमध्ये आवाज एवढा असायचा की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग बायका आवाज न काढता, तोंड मोठं करून, एकेक शब्द ओठांनी दाखवत बोलायच्या. लहानपणी पाहुण्यांसमोर साखर संपली हे आई मला तसंच सांगायची. त्यामुळे आईचे ओठ मला वाचता येतात. फक्त आईचे. तिला मात्र कुणाचेही येतात.

तोंडं संपली. त्याच रिळाला पुढे दुसरा तुकडा जोडलेला होता. दोन्ही का जोडले, ते जयराजनाच माहीत.

अंगण. खाटेवर एक तरुण बाई, ओच्यात भुईमुगाच्या शेंगा. शेजारी लाल फ्रॉकातली चिमुरडी. पोरगी उठते, धावत चित्राबाहेर जाते. बाई तिच्याकडे बघून काहीतरी बोलते. संपलं. तीन मिनिटं.

"काय म्हणाली गं?"

"नीट दिसंना. तोंडातल्या तोंडात बोलती. शेंगा खाऊ नगं, पोट दुखंल... आसं कायतरी."

मी तेवढंच ताईंना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं. शेंगा खाऊ नको, पोट दुखेल. एवढ्यासाठी माणूस इतकं रडतं, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी त्या आल्या. एकट्याच. त्यांची लेक रंगू, साडेतीन वर्षांची, सासूबाईंकडे ठेवली होती. मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. लग्नानंतर फार वर्षांनी, नवससायास, दवाखाने करून झालेली पोरगी. मी बघतच राहिलो. लाल फ्रॉक घातला असता तर थेट रिळातली चिमुरडी.

पडदे ओढले. ताई पुढे, आई त्यांच्या शेजारी, मी प्रोजेक्टरपाशी. जुना प्रोजेक्टर, पिठाच्या गिरणीसारखा खडखडतो.

तोंडं गेली. अंगण आलं. खाट, शेंगा, लाल फ्रॉक. पोरगी उठली, धावत बाहेर गेली.

आणि...

खडखड थांबली.

प्रोजेक्टर चालू होता. चाकं फिरत होती. आवाज तेवढा नव्हता. पंख्याचा नाही, बाहेर कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरचाही नाही. मी "आई" म्हणून हाक मारली.

माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

चादरीवर संयोगिता बोलत होती. परवासारखी तोंडातल्या तोंडात नाही. हळूहळू... तोंड मोठं करून... एकेक शब्द दाखवत.

मिलमधल्या बायकांसारखी.

तिला कळलं होतं, इथे कुणीतरी वाचणारं आहे.

ती माझ्या आईकडे बघून बोलत होती. ताई उठल्या, हात पुढे करून चादरीपाशी गेल्या. त्यांची सावली चित्रावर पडली. आणि चित्रातल्या बाईने... मान वाकडी केली. सावलीच्या बाजूने डोकावून पाहिलं. कपाळाला आठी घातली, आणि पुन्हा तेच शब्द.

मग रीळ संपलं. खडखड एकदम परत आली तसा मी दचकून स्टुलावरून पडलो.

"काय म्हणाली?" ताईंनी आईचे दोन्ही हात धरले. "मावशी, काय म्हणाली ती? मला बघून बोलली ना?"

आईने पदराने तोंड पुसलं.

"व्हय पोरी. म्हणली, केवढी मोठी झालीस गं. सुखी ऱ्हा."

ताई आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. जाताना पेनड्राइव्ह पर्समध्ये नाही, मुठीत धरून नेला.

गाडी वळली तशी आई उंबऱ्यातच बसली.

"तसं न्हाई म्हणली ती."

"मग?"

"म्हणली, माझी सृष्टी कुठाय? आता हितंच हुती. ह्या बाईला जरा बाजूला व्हाय सांगा, माझी पोर दिसंना."

मी म्हटलं, अगं मग खोटं का सांगितलंस?

"खरं सांगून काय पदरात पडलं आसतं तिच्या? चाळीस वर्सं वाट बघितली, आन् आईनं वळकलं न्हाई, हे सांगू व्हय?"

मलाही ते पटलं होतं, आज कितीही शहाणपण सुचलं तरी.

मार्चअखेर ताईंचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"कपिल, रंगू बोलायची बंद झालीय. आठवडा झाला. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे. ओठ हलतात, आवाज येत नाही. मावशींना एक व्हिडिओ दाखव ना."

मी विचारलं, ताई, ती फिल्म...?

"रोज लावते. तिला आजी दाखवते ना. ती टीव्हीसमोरून हलतच नाही."

व्हिडिओ आला. साताऱ्याचं घर, टीव्ही, त्यावर अंगण. समोर रंगू, पाठीमागे हात बांधून उभी. ती कॅमेऱ्याकडे वळली. आणि बोलली. हळूहळू... इवलंसं तोंड मोठं करून...

साडेतीन वर्षांच्या पोरीने मिल कुठे बघितली होती?

आईने मोबाइल डोळ्यांपाशी नेला.

"काय म्हणते?"

"आलेच गं आई, चप्पल घालती, म्हणती."

मी लॅपटॉपकडे धावलो. सगळं पुसून टाकतो, रीळ जाळतो, काय काय बडबडत होतो. आईने माझा हात धरला.

"जाळून काय हुतंय? ती काय त्या डब्यात बसलीया व्हय? तिचं लेकरू हारवलंय रं. लेकरू हारवलेल्या बाईच्या तोंडावर दार लावलं तर ती खिडकीतनं यील. लाव ते रीळ. मी बोलती."

"काय बोलणार आहेस?"

"ते माझं मी बघती."

मी रीळ लावलं. आई चादरीपासून हातभर अंतरावर बसली, माझ्याकडे पाठ करून. अंगण आलं. लाल फ्रॉक बाहेर गेला. आवाज गेला.

आई बोलायला लागली. तिच्या मानेच्या शिरा हलताना दिसत होत्या. ओठ दिसत नव्हते. चित्रातली बाई आधी मान हलवत होती. नाही, नाही. मग हलवायची थांबली. मग तिने शेंगांचा ओचा बाजूला केला आणि पुढे झुकून ऐकायला लागली. तीन मिनिटांचं रीळ. ते संपत नव्हतं. मी पाहिलं, चाकावर फिल्म उरलीच नव्हती, रिकामं चाक गरगर फिरत होतं आणि चादरीवर अंगण तसंच.

शेवटी बाईने एक शब्द विचारला. आईने होकारार्थी मान डोलावली.

चादर पांढरी झाली. बाहेर ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं होतं, ते कानावर आदळलं.

पाच मिनिटांत ताईंचा फोन. त्या बोलत नव्हत्याच. मागून एक पोरगी भोकाड पसरून विचारत होती, "माझी चप्पल कुठंय? माझी चप्पल कुठंय?"

त्या रात्री आम्ही साताऱ्याला जाऊन ताईंना सगळं सांगितलं, आईचं खोटंसुद्धा. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मला बाजूला व्हायला सांगत होती तर." आणि पेनड्राइव्ह परत दिला. रंगू आता बालवाडीत जाते. तोंडाला खळ नाही तिच्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण आई रोज दुपारी लॅपटॉपवर ती फिल्म लावते. मी ओरडलो, चिडलो. ती म्हणते, "एकटी हाय रं ती. कुणीतरी बोलाय पायजे." आता संयोगिता कुणाला हाका मारत नाही. निवांत शेंगा फोडते, मधूनच मान वर करून हसते. त्या ओच्यातल्या शेंगा कमी होत चालल्यात, एवढंच.

मी विचारायचो, तू तिला त्या दिवशी काय सांगितलंस? तुझी लेक मोठी झाली, हेच ना?

"व्हय. तेच."

एप्रिलमध्ये एकदा मी गिऱ्हाइकाकडून लवकर परतलो आणि मागच्या दाराने आत आलो. आईचं तोंड माझ्याकडे होतं, लॅपटॉप आम्हा दोघांच्या मधे. तिने मला पाहिलं नाही. ती बोलत होती. आवाज न करता, तोंड मोठं करून. जसं पाहुण्यांसमोर साखर संपली म्हणून सांगायची तसंच.

आईचे ओठ मला वाचता येतात.

"जरा दम धर," ती म्हणत होती. "शब्द दिलाय न्हवं? लेकीच्या बदली मी येती. पोराचं लगीन तेवढं हुं दे."

मेमधली तारीख मी मोडली. दुकानाचं काम निघालं म्हणून सांगितलं. दिवाळीनंतरचीही मोडली. मायाचे वडील आता फोन उचलत नाहीत. माया विचारते, तुझ्या मनात दुसरं कुणी आहे का? तिला काय सांगू?

आत्ता हे लिहितोय तेव्हा आई शेजारच्या खोलीतच आहे. दुपारचं जेवण झालंय. पंखा फिरतोय, पण त्याचा आवाज येत नाही. मगाशी तिने मला हाक मारून विचारलं, मोठ्याने, नेहमीच्या आवाजात.

"कपिल, तारीख कवाची धरायची बाबा? लोकं किती दिस थांबत्याल?"