बेटावरचं गाऱ्हाणं

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत कंपनीने मला आणि काशिनाथला एका बेटावर कबरी सरळ करायला धाडलं, तेव्हा मी खूशच झालो होतो. कुवेतमधल्या एगैलाच्या साइटवर दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाण्यापेक्षा हे बरं. मेलेली माणसं निदान घाई तरी करत नाहीत, असं मी म्हणालोसुद्धा. काशिनाथला ते आवडलं नाही.

बेट फैलका बेटाच्या पलीकडे, एवढंसं. नव्वदच्या लढाईत वस्ती उठली ती उठलीच. एक पडकं चर्च, आणि त्याच्या आवारात सोळा कबरी. पहिल्या महायुद्धातले हिंदी शिपाई. साथीत पटापट गेले, तेव्हा कोण कुठल्या धर्माचा हे बघायला सवड नव्हती, असं नाववाला मुस्तफा सांगत होता. दगडांवर नावं नाहीत, नुसते नंबर.

काशिनाथ माझ्याच वाडीतला, वयाने मोठा. आम्हा दोघांचीही रजा अडकली होती, पण निकड माझी जास्त. आईची नजर पार गेली होती. पाच वर्षं मी तिला भेटलो नव्हतो. "तुझो आवाज विसराच्या आधी ये रे," असं ती फोनवर म्हणाली होती. ते फार लागलं मला.

कामाला हात लावायच्या आधी काशिनाथने पिशवीतून नारळ काढला. आमच्याकडची रीतच ती. नवीन जागेत जमीन उकरायची, तर तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. एकाने बोलायचं आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा. होकाराशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली. "जो कोण हय तुझ्या पायाशी उभो असा, तेका म्हयन्याभरात तेच्या घराक सुखरूप पोचव रे म्हाराजा..."

आता मी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पण माझं डोकं फिरलेलं होतं. आदल्याच दिवशी साहेबाने माझा अर्ज परत केला होता. देवाला ऐकायचं होतं तर पाच वर्षं काय करत होता? मी दात आवळून गप्प उभा राहिलो.

"व्हय म्हाराजा."

माझ्या मागून. अगदी जवळून. आवाज खोल होता, आणि बरेच दिवस न बोललेल्या माणसासारखा जरा खरखरीत.

मी वळून पाहिलं. मागे कबरींची रांग, आणि त्यापलीकडे ऊन पडलेला समुद्र. मुस्तफा लांब नावेत झोपला होता. त्या उजाड बेटावर झाड औषधालाही नव्हतं, तरी सुक्या पातेऱ्याच्या, वाळक्या पानांच्या धुराचा वास आला. आमच्याकडे सकाळी न्हाणीची चूल पेटवल्यावर येतो, तसाच. मग तोही गेला.

काशिनाथने नारळ फोडला. डोळे मिटलेले असल्याने त्याला काहीच कळलं नव्हतं. "आज बरो मोठ्यान म्हटलंस," तो म्हणाला.

मी नाही म्हटलं, हे त्याला सांगायला हवं होतं. लाज वाटली. आम्ही ओळंबा लावून दगड उभे केले आणि चौथ्या दिवशी परतलो.

दहा दिवसांत काशिनाथची रजा मंजूर झाली. माझी नाहीच. आईसाठी लुगडं देऊन मी त्याला विमानतळावर सोडलं, आणि खोलीवर येऊन पोटभर रडलो.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बनेद अल-गारच्या बूथवरून घरी फोन लावला. आईनेच उचलला.

"आये, मी मुकेश."

"कोण?"

"मुकेश गे. लुगडा गावला?"

"मस्करी करतंस काय रे मेल्या?" ती हसत होती. कित्येक वर्षांत मी तिचं तसं हसू ऐकलं नव्हतं. "मुकेश घरात असा. काशिनाथावांगडा मंगळवारी इलो."

मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"आये... मी हय कुवेतात असंय. मी तुझो झील..."

"माझ्या झिलाचो आवाज माका कळना नाय? तोंडार हात फिरवलंय मी तेच्या. नुसतो सुकलो हा."

"काशिनाथ खंय असा? तेका बोलव... आत्ताच्या आत्ता."

"तो येना नाय. आमच्या दाराकडे बघता आणि पळान जाता, असा शेजारीण सांगता. काय झाला तेका, देव जाणे."

"आये, आयक माझा... तू भायर जा. काशिनाथाकडे जा..."

ती ऐकत नव्हती. तिने तोंड फिरवलं असावं, कारण आवाज लांबून आला. मी लहान असताना माझ्याशी बोलायची, तसा मऊ.

"ये रे बाबा, जेवूक बस. पण ते नालांचे बूट काढ आधी, आत्ताच सारवलंय."