दोराच्या शेवटची जागा

लष्करात मी बावीस वर्षं कारकुनी केली. बंदूक हातात धरली ती नेमबाजीच्या हजेरीपुरती. तरी आमच्या तळाशीलमध्ये मला 'मिलिटरीवालो लवू' म्हणतात आणि गावात सरकारी कागद आला की तो माझ्याच पडवीत येतो. म्हणून गेल्या वर्षी प्रितेशची शवपेटी ताब्यात घ्यायला विमानतळावर मलाच धाडलं.

प्रितेश माझ्या वारलेल्या चुलतभावाचा एकुलता एक मुलगा. वय चोवीस. आफ्रिकेत शांतिसेनेच्या कामावर असताना नदीच्या पुरात त्यांची होडी उलटली. वाहून गेलेल्यांतले काही पंधरवड्याने सापडले. विमानतळावरचे साहेब म्हणाले, "ओळख पटवायची तर झाकण उघडतो. पण तुमच्या जागी मी असतो तर बघितलं नसतं." मी बघितलं नाही. 'ओळख पटली' असं लिहून खाली सही ठोकली. घरी आल्यावर त्याच्या आईला, शेवंतीवयनीला, सांगितलं, "बघलंय मी. निजल्यासारखो दिसता." त्यावर ती पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. मला वाटलं, पुण्य केलं.

आमच्या रापणीत एक रीत आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोन टोकांना दोन दोर आणि प्रत्येक दोरावर पंधरा-वीस माणसं. त्यातला कोणी गेला की दोरावरची त्याची जागा वर्षभर रिकामी ठेवायची. प्रितेश सुट्टीवर आला की उत्तरेच्या दोराच्या अगदी शेवटी उभा राहून आलेला दोर गुंडाळत जायचा. ती जागा आता रिकामी होती आणि तिच्या पुढची माझी. ओढून झालं की मागे जाऊन दोर गुंडाळायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं होतं.

वर्षश्राद्धाला तीन दिवस उरले होते. त्या सकाळी मी मागे वळलो तर दोर गुंडाळलेला होता.

तोही उलटा. आम्ही दोर उजवीकडे फिरवतो, नाहीतर पीळ मोडतो आणि दुसऱ्या दिवशी गाठी सोडवताना नाकी नऊ येतात. हा डावीकडे फिरवला होता. कोणा शहाण्याने चेष्टा केली असणार, म्हणून मी शिव्या घालत तो उलगडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय दोराचं टोक वेटोळ्याच्या मधून काढून त्याला तीन वेढे दिले होते. असली गाठ आमच्या किनाऱ्यावर कोणी मारत नाही. वेढ्यांत काळा चिखल अडकला होता. खाडीचा असेल म्हणून मी हुंगून पाहिला. त्याला खाऱ्या पाण्याचा वास नव्हता.

रापणीचा म्होरक्या, तांडेल आबा, सत्तरीचा माणूस, त्या वेटोळ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "पोर इलो रे आमचो," तो म्हणाला. "वर्साक जेवूक इलो."

बायका डोळे पुसू लागल्या. वयनीने मासळीची टोपली खाली ठेवली, दोराजवळ बसली आणि सगळ्या वेटोळ्यावरून सावकाश हात फिरवला.

"हो माझो झील न्हय," ती म्हणाली. "असो दोर तेणा कधी गुंडाळूक नाय. तेका बापाशीन शिकवल्यान."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, परवा मी कोणाचो पिंड घालतंय? पेटयेत तोच होतो मा?"

"तोच," मी म्हणालो आणि दोर उलगडायला वाकलो.

तिसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. नऊ वाजले असतील. पाण्याकडे तोंड करून आम्ही एकेक पाऊल मागे सरत ओढत होतो. ओढलेला दोर रोज मागे साचतो आणि माझ्या पायांत येतो. त्या दिवशी येत नव्हता. माझ्या हातांतून सुटलेला दोर कोणीतरी मागे घेत होतं. हिसका नाही, घाई नाही.

मी मागे बघितलं नाही.

सकाळी आमच्या पाठीवर ऊन असतं. ते मला लागेनासं झालं. समोर वाळूत मात्र माझी एकट्याचीच सावली होती.

पाण्याच्या कडेला वयनी आमच्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या हातातली टोपली पडली. ती दोराच्या कडेकडेने चालत माझ्यासमोर आली. नजर माझ्या खांद्यावरून मागे.

"भावजी, तुमच्या मागे कोण तो?"

"कोण नाय."

"अंगार मिलिटरीचे कपडे आसत. तोंडार चिखल आसा, माका वळखाक येणा नाय." तिने डोळे बारीक केले. "तुमी तेचा तोंड बघलात मा? मागे वळा. वळून सांगा माका, हो तोच?"

माझी मान वळेना. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"वयनी, मी बघूक नाय. झाकण उघडूकच नाय. सही केलंय नि इलंय."

ती मला मारेल, आक्रोश करेल असं वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. शेजारचं चुकलेलं पोर दारात यावं आणि त्याला विचारावं, तसं तिने विचारलं,

"तू कोणाचो रे, बाबा?"

माझ्या मागे कोणीतरी दोर जपून खाली ठेवला.

मला फक्त लाटा ऐकू येत होत्या. वयनी मात्र ऐकत होती. तिने दोनदा मान हलवली.

"आणि माझो?" ती म्हणाली. "माझो खंय आसा?"

पाठीवर पुन्हा ऊन पडलं.

मग समुद्राच्या बाजूने दोराला एकच हिसका बसला, आणि आम्ही अठरा माणसं दोन पावलं पाण्याकडे सरकलो.