फक्कीने आखलेलं घर

पाया खणण्याआधी मी प्रत्येक घर जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखून घेतो. कागदावर खोली कितीही ऐसपैस दिसली, तरी माणूस त्यात उभा राहिला की तिचं बिंग फुटतं. ज्यांचं घर, त्यांना मी सकाळभर त्या पांढऱ्या रेघांमध्ये राहायला लावतो. भिंती ओलांडायच्या नाहीत, दारातूनच ये-जा करायची आणि घरात बोलतो तसंच बोलायचं. लोक आधी हसतात, मग हळूहळू खरंच राहू लागतात. स्वयंपाकघर अरुंद झालंय हे मला त्यांच्या कोपरांवरून कळतं.

यावेळी घर माझंच होतं. आई गेल्यापासून वडील एकटे राहत होते आणि पुष्कळ मिनतवाऱ्या केल्यावर आमच्यात यायला तयार झाले होते. सगळे एका छपराखाली, एवढंच मला हवं होतं.

"बेल कुठाय?" वडील रेघेबाहेर अडून बसले. "बेल वाजवल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही."

"टिंगटाँग!" लेक ओरडली आणि बायकोसकट तिघं हसत हसत आत गेली. मी नेहमीप्रमाणे शेजारच्या गच्चीवर चढलो. कोण कुठे अडखळतं ते वरून नीट दिसतं.

बायको ओट्यापाशी रमली. वडिलांनी मात्र माझ्या अभ्यासिकेतच बैठक मारली. त्यांच्यासाठी मुद्दाम उन्हाच्या बाजूला काढलेल्या खोलीकडे ते फिरकलेसुद्धा नाहीत. मला जरा लागलं, पण म्हातारं माणूस, चालायचंच. मग बायकोने आमच्या खोलीतल्या रुंद पलंगाच्या रेघा पायाने पुसल्या आणि काडीने खिडकीशी एकाच माणसापुरता पलंग आखला. जेवणाच्या टेबलाशी तिघं बसली. चौथ्या खुर्चीवर लेकीने पाठीवर नसलेलं दप्तर काढून ठेवलं.

आणखी एक गोष्ट होती. दिवाणखान्यातून जाताना प्रत्येक जण एका भिंतीपाशी थांबत होता. मान वर, नजर एकाच उंचीवर, क्षणभर. मग पुढे. तिथे भिंत नव्हतीच, नुसती रेघ होती, आणि रेघेपलीकडे गवत माजलेला मोकळा प्लॉट.

मी खाली उतरलो आणि दारातून आत शिरलो.

"आलो मी. फार भूक लागलीय."

कुणी पाहिलं नाही. माझी फिरकी घेताहेत असं वाटलं. तेवढ्यात लेक उठली, मला घासून दाराशी गेली आणि तिने हवेतच कडी लावली.

"आई, दार उघडंच राहिलं होतं."

"वाऱ्याने उघडलं असेल."

"पुरे!" मी ओरडलो आणि पायाने दाराची रेघ विस्कटून टाकली.

तिघंही वळली. "किती वेळ लावलास रे," बायको म्हणाली. "ऊन डोक्यावर आलं."

पलंगाचं विचारलं तर तिला काहीच आठवेना. तो तूच तसा आखला होतास, म्हणाली. "आणि ती अभ्यासिका तर तूच मला घ्यायला सांगितलीस," वडील म्हणाले. खोटं बोलणारी माणसं नव्हेत ती.

मी घाबरलो होतो. इतकं की त्या जागेवर परत जायला पाय उचलेना. मग मला जे येतं तेच मी केलं. आठवडाभर कुणाला न दाखवता नकाशा बदलत बसलो. अभ्यासिका माडीवर नेली, कारण वडिलांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. पलंग भिंतीतच बांधून घ्यायचा ठरवला, रुंदच. आणि दिवाणखान्यातली ती भिंत काढून जमिनीपासून छतापर्यंत काच घातली. तिथे खिळा ठोकायला जागाच ठेवली नाही.

मग एका दुपारी जेवताना नकाशा टेबलावर पसरला.

"झकास," वडील म्हणाले. "उजेडच उजेड."

लेक वाकून पाहत होती. तिने नकाशातल्या काचेवर बोट ठेवलं.

"पण आई, मग बाबांचा फोटो कुठे लावायचा?"

"टेबलासमोर नको," बायको म्हणाली. "घास उतरणार नाही."

वडिलांनी मान डोलावली.

मी हातातला घास तसाच धरून बसलो होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, प्रेमाने हसली आणि माझ्या ताटात आणखी वाढलं.

"जेव ना," ती म्हणाली. "गार होतंय."