अर्थाचं अर्धायुष्य

सड्यावरच्या, गावाबाहेरच्या उघड्या कातळपठारावरच्या काचेच्या प्रयोगशाळेत हेमांगी गोताडने आपलं नववं चित्र भिंतीला टेकवलं. कातळाखाली झोपलेली बाई, अंगभर गुंडाळलेली मुळं, उशाशी चंद्र. बघणाऱ्यालाच पेंग यावी असं ते चित्र होतं. बाहेर कातळात भोक पाडणारं वेधनयंत्र सकाळपासून घरघरत होतं.

"सुंदर!" डॉ. मुकादम म्हणाले. "पण नापास."

"अहो, पुन्हा?" हेमांगी वैतागली.

अणुभट्ट्यांची राख या सड्याच्या पोटात पुरायची होती आणि दहा हजार वर्षं ती जहरी राहणार होती. तोवर इथे कुणी खणू नये, एवढंच चित्राने सांगायचं. सडा हेमांगीच्याच गावचा. गावच्या पोरांची पोरं, त्यांचीही पोरं तिला स्वप्नात दिसत, हसत-खिदळत कुदळी घेऊन निघालेली. म्हणून तर तिने हे काम घेतलं होतं.

"किरणोत्सारासारखं अर्थालाही अर्धायुष्य असतं, ताई," डॉक्टर म्हणाले. "भाषा हजारभर वर्षांत विरते. प्रतीक दोन-तीन हजारांत. तोवर तुमची ही बाई कुणाची तरी राजकन्या झालेली असेल, आणि तिला उठवायला लोक मुद्दाम खणतील!"

"मग टिकतं तरी काय?"

"रीत. आमच्या गणितानुसार तिच्यामागचं कारण पार विरायला दहा हजार वर्षं लागतात. रीत त्यानंतरही उरते."

"एवढंच ना? मग रीतच लावू! चपला काढायच्या, दगडावर पाला ठेवायचा, तिथे खणायचं नाही. माझी आत्या अजून करते की."

"का करते?"

"कुणास ठाऊक! गावात कुणालाच..." हेमांगी मध्येच थांबली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "एखादी गोष्ट? देवाचं नाव?"

"काहीच नाही."

"म्हणजे दहा हजार वर्षं तरी झाली. कुठे आहे तो दगड?"

तिने काचेबाहेर बोट दाखवलं. दुपारच्या झळांत यंत्र तरंगल्यासारखं दिसत होतं. त्याच्या चार पावलं अलीकडे दगड होता, वर करवंदीची ताजी डहाळी.

"डॉक्टर, मी जे सांगायला बसलेय, ते कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय हो!"

डॉक्टर धावतच सुटले. "बंद करा! आधी बंद करा ते!"

घरघर थांबली. "काय झालं, साहेब?" यंत्रचालकाने विचारलं. "खाली काय आहे?"

"कुणास ठाऊक," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी वाकून बूट काढले. हेमांगीने पाला तोडून त्यांच्या हातात दिला.