उंबऱ्याजवळच्या फळीखालचा दोरा

ज्याला हे खोटं वाटेल त्याने प्लोवदिव्ह शहरात माझ्या घरी येऊन बसावं. एक दुपार पुरे.

माझी बायको दोन्का गेली, तेव्हापासून खालच्या मजल्यावर पावलं वाजायची. मजला रिकामा. किल्ली माझ्याकडे.

दुपार झाली की... कर्र... कर्र... लाकडी फळ्यांवरून कुणीतरी चालायचं.

मला भीती वाटली नाही. वाटायचं, तीच आहे. मी वरून हाक मारायचो, "दोन्का!" पावलं थांबायची.

तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

पण नुसत्या पेन्शनीत भागेना, म्हणून खालचा मजला भाड्याने द्यायचं ठरवलं. ऑक्टोबरातल्या संत दिमितारच्या सणाला इथे भाडेकरू बदलतात. रुमेना नावाच्या नर्सला जागा आवडली. फक्त कुजलेल्या फळ्या बदला, म्हणाली. मेव्हणा रांगेल कुठूनतरी उरलंसुरलं लॅमिनेट घेऊन आला. तीन रंगांचं.

"रांगेल, ही जमीन म्हणायची की गोधडी?" मी विचारलं.

"स्वस्तात संगमरवर हवाय तुम्हाला, दाजी? ठोका गुमान."

उंबऱ्याजवळची फळी उचकटली... खाली एक दोरा. दोन्ही टोकांना गाठ.

रांगेलने छातीवर क्रूसाची खूण केली. "जुने गवंडी वाटेवरच्या माणसाची सावली दोऱ्याने मापायचे. दोरा घरात पुरायचे. तो माणूस मरायचा आणि मग ते घर राखायचा. राहू द्या तिथेच, दाजी."

"राकिया कमी पीत जा," मी म्हणालो, आणि फळ्यांच्या तुकड्यांबरोबर दोराही वर माझ्या स्वयंपाकघरातल्या चुलीत घातला.

त्या दुपारी खाली आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. नव्या जमिनीला कान लावून मी रडलो. आपल्याच हातांनी तिला घालवलं, असं वाटलं.

रुमेना राहायला आली. एका दुपारी मी स्वयंपाकघरात सूप पीत होतो. आणि...

कर्र.

खाली नाही. माझ्या पाठीमागे.

माझा जीव भांड्यात पडला. "दोन्का? आलीस?"

पावलं जवळ आली... खुर्चीमागे थांबली. टेबलावर सावली पडली.

रुंद खांदे. डोक्यावर टोपी.

पुरुषाची सावली.

मी वळलो. कुणी नव्हतं.

मग इतके दिवस माझ्या हाकेला थांबत होतं, ते कोण?

परवा जिन्यात रुमेना भेटली. "काका, पाहुण्यांना जरा हळू चालायला सांगा ना. माझी रात्रपाळी असते, दुपारी डोळा लागत नाही."

"सांगतो," म्हणालो. दुसरं काय बोलणार?

दोन्काशी बोलायचं असलं की आता मी दफनभूमीत जातो. घरात तिचं नाव घेत नाही. घेतलं, की तो येतो.